नवरीची लिपस्टिक पुसली त्याची गोष्ट

या अंकाच्या संपादकबाई माझ्याकडे भुवया करायला येतात. भुवया करताना दोऱ्याचं एक टोक माझ्या दातांत असतं. नेमक्या त्याच वेळी त्या मिटल्या डोळ्यांनी म्हणाल्या, "नूतनताई, यंदा तुमच्या कामाबद्दल लिहायचं. नको असेल तर आत्ताच सांगा." दातांत दोरा धरलेली बाई काय सांगणार, कपाळ? माझं गप्प बसणं त्यांनी होकार समजून घेतलं.

विरारला फुलपाड्यात माझं ब्युटी पार्लर आहे. आता गल्ल्यावर सून बसते आणि मी मला हवी तीच कामं करते, म्हणजे भुवया आणि नवरीचा मेकअप. या धंद्यात इतकी वर्षं काढल्यावर माझी एक खोड झाली आहे. मला माणसं नावानं आठवत नाहीत, चेहऱ्याच्या तुकड्यानं आठवतात. रस्त्यात कुणी "ओळखलंत का?" म्हणून थांबवलं की मी आधी भुवया बघते, मग हनुवटी, आणि मग म्हणते, "अगं, तू होय!" नाव तरीही आठवत नाही.

बाहेरच्यांना वाटतं, पार्लर म्हणजे रंगरंगोटी. खरं तर ते गुपितांचं गोदाम आहे. एकाच बिल्डिंगमधल्या सासू-सुना माझ्याकडे यायच्या, एक मंगळवारी आणि एक गुरुवारी. दोघी केस रंगवायच्या आणि दोघींची अट एकच, "तिला कळता कामा नये." पाच वर्षं मी ते सांभाळलं. वसईच्या किनाऱ्याकडच्या एका वाडीवाल्या आजी नातवाच्या लग्नासाठी आल्या होत्या. मी सुरकुत्यांवर काही लावायला गेले तर माझा हात झटकून म्हणाल्या, "त्या राहू दे, त्या मी कमावल्यात. तू फक्त मिशी काढ."

झाकणं आणि गप्प बसणं हे आमच्या कामाचे दोन हात. या दोन्ही हातांचा मला फार अभिमान होता. तो एका दिवसात कसा उतरला आणि त्याच दिवशी दुसरा कसा चढला, ते सांगायचं आहे.

चेहऱ्यावर सगळ्यात अवघड जागा म्हणजे ओठ. गाल आपल्या जागी राहतो, ओठ काही स्वस्थ बसत नाहीत. नवरी रडते, पाणी पिते, घास घेते, पेढा खाते. तेवढ्यातून रंग टिकला पाहिजे. त्यातून ओठांवर डाग असले तर आणखी पंचाईत, कारण काळ्या डागावर नुसती लिपस्टिक लावली तर डाग आतून डोकावतो. त्यावर आधी नारिंगी रंग लावायचा. नारिंगी काळ्याला मारतो. मग कातडीच्या रंगाचा लेप, मग पावडर, मग लिपस्टिक, टिपकागदानं टिपायची, पुन्हा पावडर, पुन्हा लिपस्टिक. एवढं केलं की नवरी पंगतीत जेवून उठली तरी रंग हलत नाही.

ही युक्ती मी वैशालीच्या ओठांवर शिकले.

वैशाली आमच्याच गल्लीतली. तिच्या ओठांवर लहानपणापासून काळपट तपकिरी ठिपके होते, मोहरीएवढे. सात. आकडा आठवतो कारण प्रत्येकावर मी बारीक ब्रशचं टोक टेकवलं आहे. चार खालच्या ओठावर, दोन वरच्या आणि एक डाव्या कोपऱ्यात, जरासा ओठाबाहेर. लग्नाच्या महिनाभर आधी ती आली तेव्हा मी तज्ज्ञाच्या थाटात सांगितलं, "स्वस्त लिपस्टिकनं होतं असं. साखर-मधानं घासून काढू." पंधरा दिवस मी बिचारीचे ओठ घासले. ओठ सोलवटले, डाग जिथल्या तिथे. ते वरून लागलेलेच नव्हते तर निघणार कुठून? पण "मला कळत नाही" असं म्हणायची आमच्या धंद्यात पद्धत नाही. शेवटी मी ते झाकले, आणि असे झाकले की फोटोवाल्यानंसुद्धा विचारलं, "हीच का ती मुलगी?"

मेकअप चालू असताना वैशालीनं एकदा बेंबीच्या डाव्या बाजूला मूठ दाबून धरली होती. मी विचारलं तर म्हणाली, "जुनंच आहे ताई. येतं आणि जातं." मी तिला ओव्याचं पाणी दिलं आणि सरळ बसायला सांगितलं, पदराच्या पिना निघत होत्या.

तिचा फोटो मी मोठा करून पार्लरच्या भिंतीवर लावला. लालबुंद, नितळ ओठ. त्या फोटोनं मला कितीतरी नवऱ्या मुली मिळवून दिल्या. लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच वैशाली गेली. मागे वर्षाची मुलगी, सई. "पोटाचं काहीतरी झालं, दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला," एवढंच कळलं. मी भेटायला गेले, रडले आणि परत आले. तिच्या ओठांचा आणि पोटाचा काही संबंध असेल हे माझ्या स्वप्नातही आलं नाही. फोटो भिंतीवर तसाच राहिला.

सईला वैशालीच्या थोरल्या बहिणीनं, शुभांगीताईंनी, आपल्या घरी आणून वाढवलं. त्याच शुभांगीताई दोन वर्षांपूर्वी स्वतःच्या मुलीला, मयूरीला, घेऊन माझ्याकडे आल्या. लग्न ठरलं होतं, जूचंद्र गावच्या किरणशी. दोघं एकाच ऑफिसात होती आणि जमवलं त्यांनीच. मयूरी खुर्चीत बसली, मी रुमालानं तिचे ओठ पुसले आणि माझा हात थांबला. तेच ठिपके होते.

शुभांगीताईंनी दार लोटून घेतलं. "नूतनताई, हे कुणाला दिसता कामा नयेत. बघायला आले तेव्हाही लिपस्टिक लावूनच बसवली होती. गावातली माणसं आहेत. म्हणतील, मुलीला काही रोग आहे."

"वैशालीचे झाकले होते ना मी? तसेच झाकते."

"तिचं नाव काढू नका. आणि मला शब्द द्या."

मी दिला. मयूरी मात्र आरशात बघून हसत होती. "आई उगाच घाबरते. किरणला माहीत आहे. तो म्हणतो, एकदा निवांत बसून मोजणार आहे."

मुलगी गोड होती, पण फार फिकी. डोळ्याची खालची पापणी जराशी ओढली की आतून लाल दिसायला हवी, तिची पांढरट दिसली. आता कुणी म्हणेल, नूतनताई, तेव्हा तरी डॉक्टरकडे पाठवायचं. मी काय केलं? गुलाबी रंगाची एक गडद छटा जास्त घ्यायचं वहीत लिहून ठेवलं.

लग्न विरार पूर्वेच्या एका हॉलमध्ये होतं, मुहूर्त दुपारचा. सकाळी आठला मी नवरीच्या खोलीत पेटी उघडली. मयूरीनं आदल्या दिवसापासून नीट खाल्लं नव्हतं. मधेमधे ती श्वास रोखून धरत होती. मला वाटलं, लग्नाची धास्ती. साडेदहाला सगळं झालं. शालू, नथ, मुंडावळ्या, आणि ओठ तर असे की वैशालीच्या फोटोनं मान खाली घालावी. मी तिला उठून उभी राहायला सांगितलं. ती उठली, कमरेत वाकली आणि हिरवं पाणी ओकली.

धावपळ झाली. तिला सावरताना मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. लिपस्टिक जराही हलली नव्हती. त्या क्षणी मला बरं वाटलं. मेलीला लाज नाही, असं कुणीही म्हणावं, पण खरं ते लिहिलं पाहिजे.

हॉलसमोरच एक छोटा दवाखाना होता. शालूतल्या मुलीला दोघांनी उचलूनच नेलं. दागिने सांभाळायला म्हणून मीही मागे गेले, हातात पेटी तशीच. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं पोट दाबून पाहिलं, शेवटचं कधी खाल्लं ते विचारलं. म्हणाली, "उपाशी पोट, जागरण, टेन्शन. पित्त वाढलंय. इंजेक्शन देते, अर्ध्या तासात बरं वाटेल."

तोवर नवऱ्याकडची मंडळी येऊन पोचली. पुढे किरणची आई हिराबाई. तरुणपणी मिठागरात राबलेली बाई, आवाज खणखणीत आणि बोली आगरी, 'ळ'चा 'ल' आणि 'ड-ढ'चा 'र' करणारी. तिच्या मागून एक नातेवाईक बाई कुजबुजली, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "दिवस तं नाय ना गेले पोरीला?"

हिराबाई गर्रकन वळली. "तू बाहेर जा. जा पयली."

ती बाई गेली, पण शब्द खोलीत राहिला. शुभांगीताईंचा चेहरा उतरला. इंजेक्शन झालं. मयूरी कुशीवर वळली आणि बेंबीच्या डाव्या बाजूला मूठ दाबून धरली. मी तिच्या कपाळावर हात ठेवला, तर ती मलाच धीर देत म्हणाली, "जुनंच आहे ताई. येतं आणि जातं."

तेच शब्द, तीच मूठ, तीच जागा. आणि तेच ओठ, माझ्या हातांनी झाकलेले.

मला आजार ठाऊक नव्हता, काही ठाऊक नव्हतं. पण एकाच घरातल्या दोन मुलींचे ओठ आणि दोघींची पोटदुखी मी वीतभर अंतरावरून पाहिली होती, आणि त्या खोलीत ते सांगेल अशी मी एकटीच होते. मी पेटी उघडली. "डॉक्टर, जरा थांबा. हिचं खरं तोंड तुम्ही पाहिलेलंच नाही. कुणीतरी कापूस द्या."

शुभांगीताईंनी माझं मनगट धरलं. "नूतनताई, नका! सगळे बघताहेत. शब्द दिला होतात."

"दिला होता. मोडते," मी म्हटलं आणि हात सोडवून घेतला.

माझंच काम मला निघेना. पहिला बोळा लाल झाला, दुसरा गुलाबी, तिसरा नारिंगी. चौथ्या बोळ्याला ठिपके दिसायला लागले. डॉक्टर आधी वैतागून बघत होती. मग ती पुढे झाली. टॉर्च घेतला, मयूरीचा ओठ उलटून पाहिला, गाल आतून पाहिले. तिथेही ठिपके होते.

"हे कधीपासून आहेत?"

"लहानपणापासून," मयूरी म्हणाली.

"आणि पोटात दुखणं?"

"तेही."

डॉक्टर शुभांगीताईंकडे वळली. "घरात आणखी कुणाला असे डाग? कुणाला पोटाचा त्रास, ऑपरेशन, काही?"

शुभांगीताईंनी एकदा हिराबाईकडे पाहिलं. "नाही. कुणालाच नाही."

"खोटं आहे," मी म्हटलं. "हिच्या मावशीला होते. सात. मी ह्याच हातांनी झाकले होते. लग्नानंतर दोन वर्षांत ती पोटाच्या दुखण्यानं गेली."

शुभांगीताई तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "मलाही होते. वयाबरोबर पुसट झाले. आतून आहेत अजून." आणि रडायलाच लागल्या.

डॉक्टरनं फोन उचलला होता. बोलता बोलता तिनं आम्हाला सांगितलं की हे तिनं आजवर फक्त पुस्तकात पाहिलं होतं. प्यूट्झ-जेगर्स सिंड्रोम असं त्याचं नाव. हजारो लोकांत एखाद्याला होतो आणि घराण्यात पुढे चालतो. ओठांवरचे ठिपके काही करत नाहीत, ते फक्त खूण असतात. खरं दुखणं आत. आतड्यात गाठी वाढतात. एखादी गाठ आतड्याला आपल्याबरोबर ओढते आणि आतडं आतड्यात शिरतं. ब्लाउज काढताना बाही बाहीतच अडकते ना, तसं. कधी ते आपोआप सुटतं, म्हणून दुखणं येतं आणि जातं. कधी सुटत नाही.

"आधी का नाही दाखवलंत हे डाग?" तिनं विचारलं. उत्तर माझ्या पायाशी चार बोळ्यांत पडलं होतं.

गाडी आली. मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं होतं. शुभांगीताई हिराबाईसमोर हात जोडून उभ्या राहिल्या. "विहीणबाई, आम्ही तुमच्यापासून लपवलं. तुम्ही म्हणाल ते..."

हिराबाईनं त्यांचे जोडलेले हात खाली केले. "ते मंग बोलू. आदी पोरीला ने. लगीन काय पलून जात नाय." मग किरणकडे वळून ओरडली, "तू काय बघतंस? बस गारीत तिचे संगती!" आणि उरलेल्यांना म्हणाली, "लोकांना जेवाला वारा. अन्न टाकायचा नाय."

सोनोग्राफीत दिसलं, आतडं आतड्यात शिरून घट्ट बसलं होतं. तासाभरात ऑपरेशन. मी आणि हिराबाई हॉस्पिटलच्या बाकावर शेजारी शेजारी बसलो होतो. ती लग्नाच्या लुगड्यात, मी नवरीची नथ रुमालात बांधून. तिनं एकदाच विचारलं, "बाय, तुला कसा कल्ला?" मी वैशालीची सगळी हकिगत सांगितली, साखर-मधासकट. ती ऐकून घेत राहिली. मग माझ्या मांडीवर थाप मारून म्हणाली, "तवा नाय कल्ला, आता कल्ला. रडू नको." मी रडतेय हे मला तेव्हा कळलं.

चारच्या सुमारास सर्जन बाहेर आले. वीतभर आतडं काढावं लागलं होतं, त्यात लिंबाएवढी गाठ. "वेळेवर आणलंत. संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर वेगळं बोलावं लागलं असतं." मग त्यांनी विचारलं, "डाग कुणी दाखवले?" सगळ्यांनी माझ्याकडे बोट केलं. आयुष्यात पुष्कळ नवऱ्या मुलींनी माझे आभार मानले आहेत, पण त्या वेळी हॉस्पिटलच्या त्या भगभगीत उजेडात, काजळ ओघळलेल्या तोंडानं मी जी ताठ उभी राहिले, तशी कधीच राहिले नव्हते.

मयूरी दहा दिवसांनी घरी आली. डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणून शुभांगीताईंची आणि सईची तपासणी झाली. दोघींच्याही आतड्यात गाठी निघाल्या. सईची गाठ वाढत होती. ती दुर्बिणीतूनच काढली, पोटाला टाकासुद्धा पडला नाही. आता तिघींनाही जन्मभर ठरल्या वेळी तपासून घ्यायचं आहे. पण आता शत्रू माहीत आहे, त्याचं नाव माहीत आहे, तो कुठून येतो ते माहीत आहे. वैशालीला यातलं काहीच मिळालं नव्हतं.

दीड महिन्यानं त्याच हॉलमध्ये लग्न लागलं. मी पेटी उघडली तर शुभांगीताईंनी पुन्हा दार लोटून घेतलं. मला वाटलं, झालं, पुन्हा सुरू. त्या म्हणाल्या, "नूतनताई, ओठांना हात लावू नका. जरासं तूप लावा, बस." मयूरी आरशात बघून हसली, तेच जुनं हसू. पापणीही आतून लाल दिसत होती, गुलाबी छटा लागलीच नाही. पंगतीत त्या मागच्या वेळच्या नातेवाईक बाईनं विचारलंच, "नवरीचे ओठाला काय लागलाय?" हिराबाई वाढता वाढता थांबली आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशी म्हणाली, "ते हायेत म्हनून पोरगी हाय. तू जेव."

इथे एक सांगून ठेवते, नाहीतर उद्या अर्धं विरार आरसा घेऊन दवाखान्यात जाईल. ओठांवर साधा तीळ असतो, उन्हानं ओठ काळवंडतात, विडीनं काळे होतात. प्रत्येक डाग आजार नसतो. पण लहानपणापासून ठिपके असतील आणि पोट सारखं दुखत असेल, तर डॉक्टरांना तोंड दाखवा. लिपस्टिक पुसून दाखवा. माझ्याकडे आता कुणीही नवरी आली की मी आधी ओठ स्वच्छ पुसते, उजेडात बघते आणि पोटाचं विचारते. सून म्हणते, "आई, हे पार्लर आहे की ओपीडी?" म्हणू दे.

गेल्या हिवाळ्यात सई शाळेच्या गॅदरिंगसाठी मेकअप करून घ्यायला आली. बारा-तेरा वर्षांची झाली आहे. खुर्चीत बसून भिंतीवरच्या आईच्या फोटोकडे बघत राहिली. तिला आईचा चेहरा आठवणं शक्य नाही, जे काही आहे ते फोटोंतलंच. मग तिनं विचारलं, "नूतनमावशी, डॉक्टर म्हणाले मला हे ठिपके आईकडून आले. मग आईचे कुठे आहेत?"

एवढी वर्षं ज्या फोटोची मी जाहिरात केली, त्यातून मी त्या पोरीची आई पुसून टाकली होती.

मी स्टुलावर चढून फोटो खाली उतरवला. मागचे खिळे काढले, काच बाजूला ठेवली. भुवयांची तपकिरी पेन्सिल घेतली आणि तिला चांगलं टोक केलं. माणसांची नावं मी विसरते, पण ओठ विसरत नाही. चार खालच्या ओठावर काढले, दोन वरच्या. सातवा डाव्या कोपऱ्यात, जरासा ओठाबाहेर. जागा एकही चुकली नाही.

सई वाकून बघत होती. तिनं फोटोवर बोट ठेवून एकेक मोजला. मग आरशाजवळ गेली आणि ओठ पुढे काढून स्वतःचे मोजले.

"आईचे सात," ती वळून म्हणाली, "माझे नऊ. मी जिंकले!"

"हो गं बाई," मी म्हटलं, "तू जिंकलीस."